निवेदकाला नको, भिंतीला विचारा: पो, गिलमन आणि जुनी गॉथिक कथा

शेवाळ

आमचा एक लहानसा वाचनकट्टा आहे. सहा बायका आणि एक काका. गेल्या महिन्यात आम्ही जुन्या गॉथिक (म्हणजे पडक्या वाड्यांतल्या, गूढ-भीतीच्या) कथा वाचायला घेतल्या: एडगर अ‍ॅलन पोची 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९), त्याचीच 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) आणि शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२). चर्चा वीस मिनिटांत आटोपली, कारण काकांनी सुरुवातीलाच निकाल देऊन टाकला. "तिन्ही ठिकाणी सांगणारं माणूस वेडं आहे. वेड्याच्या सांगण्यावर काय चर्चा करायची?" तेवढ्यात पोहे आले.

मला ते पटलं नाही, पण तिथल्या तिथे उत्तरही सुचलं नाही. म्हणून हा धागा.

'वेडा आहे' हा निकाल मला आळशी वाटतो. कशापुरता वेडा, आणि त्याच्या सांगण्यातलं नक्की काय खरं धरायचं, हे प्रश्न तसेच राहतात. माझी रीत साधी आहे. माणूस काय म्हणतो ते क्षणभर बाजूला ठेवायचं आणि तो बसलाय त्या खोलीतल्या वस्तू मोजायच्या. वस्तूंचं वर्णनही तोच करतो, मान्य. पण त्याला मांडायची असते स्वतःची बाजू. खोलीबद्दल बोलताना तो बेसावध असतो.

'यलो वॉलपेपर' घ्या. नवरा जॉन डॉक्टर. मूल झालंय, बायकोची तब्येत ठीक नाही, म्हणून त्याने उन्हाळ्यापुरतं एक जुनं मोठं घर घेतलंय आणि तिला वरच्या मजल्यावरची खोली दिलीय. ती म्हणते, इथे आधी मुलांची खोली असावी, मग खेळा-व्यायामाची. कारण खिडक्यांना गज आहेत आणि भिंतीत कड्या. पलंग जमिनीला ठोकून बसवलेला. वॉलपेपर ठिकठिकाणी ओरबाडून काढलेला, पलंगाच्या डोक्याशी तर साधारण तिचा हात पोचेल तेवढ्या अंतरापर्यंत. हे माप ती स्वतःच देते, सहज, पहिल्याच भागात! मुलांच्या खोलीतला पलंग कोण जमिनीला ठोकून ठेवतं? आणि हाताचं ते माप कोणाच्या हाताचं? पहिल्या वाचनात मी ते वाक्य सरळ ओलांडून गेले होते.

पुढे भिंतीच्या खालच्या अंगाला खोलीभर फिरलेला एक डाग येतो, कुणी अंग घासत गोल गोल फिरावं तसा. तो कोणी पाडला याचं तिला नवल वाटतं. शेवटी पलंग कुरतडलेला दिसतो तेव्हा ती म्हणते, काय धुडगूस घातलाय इथल्या मुलांनी! आणि चार ओळींनंतर सांगते की पलंग हलेना म्हणून चिडून मी कोपऱ्याला चावा घेतला, दात दुखले. शेवटच्या पानावर तिचा खांदा त्या डागात बरोब्बर बसतो.

आता ती वेडी आहे म्हणून डाग खोटा, असं म्हणता येईल? डाग खराच आहे. प्रश्न एवढाच की तो आधीच्या कुणाचा, की तिचाच, आणि ती सांगतेय त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

'अशर'मध्ये तर कमाल आहे. घराला छपरापासून डोहाच्या पाण्यापर्यंत नागमोडी गेलेली एक चीर आहे. निवेदक ती कशी सांगतो पाहा: बारकाईने पाहणाऱ्याच्या नजरेला कदाचित ती दिसली असती. अहो, मग तुम्हाला दिसली ना?

तुम्हाला अशा कुठल्या वस्तू आठवताहेत?

वाळवी

+१, वाखुसा (वाचनखूण साठवली).

'यलो वॉलपेपर'बद्दल एक भर. ती चोरून लिहिलेली रोजनिशी आहे. जॉनला तिने लिहिलेलं चालत नाही, त्याची चाहूल लागली की ती वही लपवते. शेवटच्या भागात स्वतःला दोरीने बांधून, खांदा भिंतीला लावून ती रांगत फेऱ्या मारतेय. मग लिहितेय कधी? आणि शेवटचं वाक्य भूतकाळात आहे: तो चक्कर येऊन पडला, नेमका माझ्या वाटेत, त्यामुळे दर फेरीला मला त्याच्या अंगावरून जावं लागलं. म्हणजे हे नंतर लिहिलंय. कुठे बसून? वही कोणी दिली? मला तरी याचं उत्तर गोष्टीत सापडत नाही आणि रात्री आठवलं की बरं वाटत नाही.

कंदीलवाला

शेवाळताई, धागा झकास, पण हा गोष्टीचा पंचनामा झाला. गजांची संख्या, पलंगाची स्थिती, पंचांच्या सह्या. पो असा वाचायचा नसतो. हॉथॉर्न या अमेरिकी लेखकाच्या कथांवर १८४२ साली लिहिताना त्यानेच सांगितलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा एकच एक परिणाम मनावर व्हावा. पुरावे गोळा करायला तो थांबूच देत नाही.

'अशर'चं पहिलं वाक्य घ्या. मूळ इंग्रजी वाक्य मोजून ६० शब्दांचं आहे. त्यात 'मी' येतो २६व्या शब्दाला. त्याआधीच्या २५ शब्दांत नुसता तो दिवस आणि ते आभाळ. 'डल, डार्क, अँड साउंडलेस डे', हे मोठ्याने म्हणून पाहा. 'ड'चे टोले पडतात, घंटेसारखे. माणूस अजून आलेला नाही आणि आपण आधीच दबलोय. आणि वाक्याचा शेवट कुठे? 'हाउस ऑफ अशर' या शब्दांवर. दिवसभराची रपेट करून घोडा आणि वाक्य एकाच जागी थांबतात.

मराठीत हे करायला गेलं की क्रियापद शेवटी येऊन बसतं, 'दिसू लागला' वगैरे, आणि सगळी हवा जाते. मी एकदा असं करून पाहिलं होतं:

"शरदातला तो आख्खा दिवस काळवंडलेला, मुका, ढग इतके खाली आलेले की छातीवर दडपण यावं, आणि त्या भकास मुलखातून दिवसभर घोड्यावर एकटाच चाललेलो मी, शेवटी सांजसावल्या उतरता उतरता समोर उभा राहिलेला अशरांचा तो खिन्न वाडा."

घोड्याचा लगाम खेचल्यासारखा 'वाडा' यायला हवा होता. जमलंय का सांगा.

अर्धी_पोळी

'वाडा' जमलाय. 'शरद' नाही. मला शरद म्हटलं की कोजागिरी, गच्चीवरचं मसाला दूध आणि टिपूर चांदणं आठवतं. त्यात कोण घाबरणार!

कंदीलवाला

हे बरोबर पकडलंत. 'पानगळीतला तो आख्खा दिवस' करतो.

शेवाळ

कंदीलवाले, पंचनामा म्हणा हवं तर. पण तुम्ही ज्या दडपणाबद्दल बोलताय ते कोणाचं आहे? निवेदक रॉडरिक अशर या मित्राच्या घराशी येतो, उदास होतो, मग त्याला वाटतं, याच गोष्टी जरा वेगळ्या मांडणीत पाहिल्या तर हा खिन्नपणा जाईल. म्हणून तो घोडा डोहाच्या काठाशी नेतो आणि पाण्यात बघतो. तिथे तेच घर, त्याच डोळ्यांसारख्या रिकाम्या खिडक्या, फक्त उलट्या. आधीपेक्षा जास्त शहारतो. आणि पुढे स्वतःच कबूल करतो की आपण घाबरत चाललोय हे कळल्यामुळेच ती भीती भराभर वाढली. दारात पाऊल टाकायच्या आधीच माणूस स्वतःला चढवून बसलाय. आत गेल्यावर त्याला जे दिसेल त्याला मी दहा टक्के सूट देऊन ऐकणार.

घुबड_१९

पंचनाम्यात माझीही सही घ्या.

तळघर. रॉडरिकची बहीण मॅडलिन मेली असं समजून तिला जिथे ठेवतात ती जागा पूर्वी कोठडी होती आणि नंतर तिथे बंदुकीची दारू किंवा तसलंच काही भडकणारं ठेवत असावेत. म्हणून जमिनीचा काही भाग आणि आत यायची कमानदार वाट तांब्याने मढवलेली. दारूकोठारात तांबं वापरतात कारण त्यावर ठिणगी उडत नाही. दार लोखंडी, तेही तसंच मढवलेलं, आणि इतकं जड की सरकताना करकरतं. शवपेटीचं झाकण रॉडरिक आणि निवेदक स्क्रू पिळून बंद करतात. त्याआधी निवेदक तिचा चेहरा बघतो: गालावर, छातीवर हलकी लाली, ओठावर हसू. अंग ताठ पडणाऱ्या तिच्या त्या आजारात असं होतंच, असं म्हणून पुढे जातो. शंकेची पाल चुकचुकतेय, पण तो तिला झुरळासारखी झटकून टाकतो. आणि त्याची स्वतःची झोपायची खोली? बरोब्बर त्या तळघराच्या वर. सात-आठ दिवस हा तिच्या डोक्यावर झोपलाय.

तर प्रश्न: पिळलेले स्क्रू, जड लोखंडी दार, आठवडाभर अन्नपाणी नाही. ही बाई वर आली कशी? एकतर भूत, नाहीतर ती दारात उभी राहिलेली फक्त या दोघांना दिसली.

पाल निघालीच आहे तर 'टेल-टेल हार्ट'. तिथे निवेदक एका म्हाताऱ्याचा खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली लपवतो. त्या घरात भिंतीतला किडा आहे. तिकडे जुन्या लाकडात एक किडा टकटक करतो आणि तो आवाज म्हणजे मरणाची चाहूल अशी समजूत होती. निवेदक स्वतःच सांगतो की मी रात्र रात्र तो आवाज ऐकत बसायचो. मग पोलीस बसलेले असताना त्याला जमिनीखालून जो आवाज येतो, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा, तो कशाचा?

वाळवी

किडा पटत नाही, माझं नाव असं असूनही. तो आवाज वाढत जातो. किडा थांबून थांबून वाजतो, त्याला कोणाच्या घाबरण्याशी देणंघेणं नाही. घाबरल्यावर जोरात धडधडतं ते आपलंच काळीज. खुर्ची त्याने मुद्दाम प्रेतावर ठेवलीय, कान स्वतःच्या छातीपासून वीतभर.

अर्धी_पोळी

मी साहित्याची विद्यार्थिनी वगैरे नाही, म्हणून आत्तापर्यंत नुसतं वाचत होते. पण 'यलो वॉलपेपर'वर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या बाळंतपणात मी सव्वा महिना आजोळच्या मधल्या खोलीत होते. खिडकी बंद, कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी. सगळे प्रेमाने करत होते, कोणाबद्दल तक्रार नाही. वाचायचं नाही, डोळ्यांना त्रास होतो. मोबाइल काढून घेतलेला. समोरच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. दुसऱ्या आठवड्यात त्यात मला एक बाई दिसायला लागली, पाठमोरी, वेणी घातलेली. मला माहीत होतं की तो पोपडा आहे. तरी दुपारी बाळ झोपलं की मी बघायचे, आज वेणी किती खाली आलीय. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आणखी विश्रांती घ्यायला लावली असती.

त्यामुळे ती कागदातल्या बाईबद्दल बोलते तेव्हा मला ती वेडी वाटली नाही. कंटाळलेली वाटली, आणि मग कंटाळ्याच्या पलीकडे गेलेली. आणि भरवशाचं म्हणाल तर मला जॉन भरवशाचा वाटत नाही. ती म्हणते मला बरं नाही. तो म्हणतो तुझं वजन वाढतंय, रंग सुधारतोय. शेवटी बरोबर कोण ठरलं?

शेवाळ

पोळीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

जॉनबद्दल शंभर टक्के सहमत. गिलमनने १९१३ साली या गोष्टीमागची हकिगत लिहिलीय. १८८७ मध्ये ती वेअर मिचेल नावाच्या फिलाडेल्फियाच्या नामांकित डॉक्टरकडे गेली होती. सक्तीच्या विश्रांतीचा उपचार त्याचाच. घरी पाठवताना त्याने सांगितलं: होईल तितकं घरकामात रहा, डोक्याचं काम दिवसाला दोन तासांहून जास्त नको, आणि जन्मात पुन्हा पेन, ब्रश, पेन्सिल हातात धरू नकोस. तिने साधारण तीन महिने ते पाळलं आणि कडेलोटाच्या काठावर पोचली. मग काम सुरू केलं आणि सावरली. गोष्टीत मिचेलचं नाव थेट आलंय: जॉन म्हणतो, सुधारली नाहीस तर तुला त्याच्याकडे पाठवीन.

ती असंही लिहिते की ही गोष्ट वाचून त्या डॉक्टरने म्हणे आपली पद्धत बदलली. यातला 'म्हणे' मी घातलाय, कारण तिलाही ते कुणाकडून तरी कळलेलं. लेखिका झाली म्हणून काय, स्वतःच्या गोष्टीबद्दल बोलताना तीही निवेदकच.

सातवी_पायरी

वेडे वेडे म्हणून सगळे त्याच घरांत अडकलेत. मला त्याहून भीती वाटते ती शहाण्या निवेदकाची. पोचीच 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो', १८४६. निवेदक मॉन्ट्रेसॉर. कार्निव्हलच्या गर्दीतून दारूच्या चाखणीचं आमिष दाखवून फॉर्चुनाटो या मित्राला घराखालच्या भुयारात नेतो आणि भिंत बांधून जिवंत चिणतो. आवाज एकदाही चढत नाही. फॉर्चुनाटोने हजार वेळा दुखावलं ते सोसलं, अपमान केला तेव्हा सूड घ्यायचं ठरवलं, असं म्हणतो. कोणता अपमान? अख्ख्या गोष्टीत एक शब्द नाही.

शेवाळताईंची रीत इथे लावली तर वेगळंच निघतं. भिंतींना ओल आहे, छतावरून सोरा लोंबतोय, हाडांचे ढीग आहेत आणि त्या हाडांखाली दगड आणि चुना आधीच आणून ठेवलाय. भिंत पुरी होत आली, आतून फक्त फॉर्चुनाटोच्या विदूषकी टोपीच्या घुंगरांचा आवाज आला, तेव्हा मॉन्ट्रेसॉर म्हणतो, माझं मन कसनुसं झालं. आणि लगेच: भुयारातल्या दमटपणामुळे! खोली इथे साक्ष देत नाहीये, तिला खोट्या साक्षीला उभं केलंय.

हे सगळं तो ५० वर्षांनी सांगतोय. कोणाला? 'माझा स्वभाव तुम्ही पुरता जाणता' असं कुणाला तरी म्हणतो. मला वाटतं धर्मगुरूला, मरताना.

मोडीवाचक

हा 'तुम्ही' तुम्ही घातलात, पायरीभाऊ. इंग्रजीत 'यू' आहे. धर्मगुरू असेल तर 'तुम्ही', जुना सोबती असेल तर 'तू', देव असेल तरी 'तू'च. मराठीत आणलं की गोष्ट ऐकणाऱ्याची ओळख ठरवूनच टाकावी लागते. पोने ती ठरवलेली नाही.

मी थोडंफार भाषांतर करतो आणि या कथांनी मला जितकं रडवलंय तितकं कायद्याच्या कागदांनी नाही. 'टेल-टेल हार्ट'चा निवेदक पुरुष आहे असं आपण सगळे धरून चाललोय. घुबडाने 'ऐकत बसायचो' लिहिलं, वाळवीने 'त्याने' लिहिलं. मूळ गोष्टीत तसं सांगणारं एकही सर्वनाम नाही. ('अशर'मध्ये मात्र शंका नाही. तिथे निवेदक आणि रॉडरिक लहानपणीचे मित्र आहेत.)

मराठीत गंमत होते. खून करताना कोणी केला ते कळत नाही. 'मी त्याला खाली खेचलं, जड पलंग अंगावर ओढला, फळ्या उचकटल्या', हे बाईही म्हणेल, पुरुषही. पण 'मी हसलो', 'मी घाबरलो', 'मी बसलो' आलं की पकडले गेलात. म्हणजे कृत्य झाकलेलं राहतं आणि भावना उघडी पडते. मी एकदा पूर्ण गोष्ट लिंग न दाखवता करायचा हट्ट धरला. 'हसू आलं', 'धडकी भरली', 'खुर्ची ओढून घेतली' अशी. तीन पानं निभावली. चौथ्या पानावर भाषा इतकी आखडली की वाचणाऱ्याला वाटावं, हे माणूस काहीतरी लपवतंय. आणि मग लक्षात आलं की ते लपवतंयच की!

कंदीलवाला

दंडवत. ती तीन पानं इथे टाका ना.

मोडीवाचक

नाही टाकणार. चौथं पान झालं की बघू.

पोहे_खाणारे_काका

नमस्कार. मी तो काका. मुलीने धागा दाखवला आणि खाते काढून दिले.

वेडा म्हणालो ते मागे घेत नाही. पण काल रात्री 'अशर' पुन्हा वाचली. वादळाची रात्र आहे, निवेदक रॉडरिकला शांत करायला पुस्तक वाचून दाखवतो आहे, पुस्तकातले आवाज घरात खरेच ऐकू येत आहेत. शेवटी रॉडरिक उठून ओरडतो, ती दाराबाहेर उभी आहे. आणि ओरडताना निवेदकाला उद्देशून म्हणतो: 'वेड्या!' हा शब्द आमच्या चर्चेच्या दिवशी माझ्या नजरेतून सुटला होता. मी ज्याला वेडा ठरवला तोच समोरच्याला वेडा म्हणतो आहे. मग दुसरा साक्षीदार राहतो कोण? घर. तेही शेवटच्या परिच्छेदात चिरेपासून दुभंगून डोहात जाते. सोयीचे आहे.

मोडीवाचक यांना एक विचारायचे होते. त्याच ठिकाणी रॉडरिक म्हणतो की 'वी' तिला जिवंत पुरले. याचे मराठी 'आम्ही' करायचे की 'आपण'?

मोडीवाचक

काका, तुम्ही आधी खाते काढायला हवे होते.

'आम्ही' म्हटलं तर अशर घराणं, आणि निवेदक बाजूला उभा, पाहुणा. 'आपण' म्हटलं की तोही त्यात आला. पेटी उचलायला तो होता, स्क्रू पिळायला होता, लाली त्याने पाहिली होती. मी 'आपण' करेन: 'आपण तिला जिवंत पुरलंय!' निवेदक यावर काही उत्तर देत नाही, आणि मला वाटतं अख्ख्या गोष्टीत तो एवढ्याच ठिकाणी खरं वागतो.

सातवी_पायरी

मग शीर्षकाचं काय? 'फॉल'ला 'पतन', 'ऱ्हास', 'विनाश', सगळे शब्द नाटकी वाटतात. त्यात 'हाउस' म्हणजे घरही आणि घराणंही. गोष्टीतच आहे, आसपासचे शेतकरी वास्तूला आणि कुळाला एकच नाव वापरतात.

पोहे_खाणारे_काका

आमच्याकडे गावी वंश संपला, कर्त्याने सगळे उधळले, की म्हणतात 'घर बुडाले'.

कंदीलवाला

काका!!

अहो, ते घर शेवटी खरोखरच पाण्यात बुडतं. मूळ गोष्टीचं शेवटचं वाक्यही पहिल्यासारखंच 'हाउस ऑफ अशर' या शब्दांवर थांबतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं म्हणून मी दुपारपासून रडतोय, आणि इथे तर क्रियापदच हवंय: "पायाशी तो खोल, कोंदट डोह मुकाट्याने मिटला आणि अशरांचं घर बुडालं."

मोडीवाचक

मग पहिल्या वाक्यातला तुमचा लाडका 'वाडा' काढावा लागेल. तिथे 'घर' असेल तरच इथे ते बुडेल.

कंदीलवाला

काढला.